राजाच्या बागेत न उगवणारं गवत

जिस्लेन लहान असताना जेवणाच्या टेबलावर "मला टार्ट हवाय" म्हणाली, की आई ताटली मागं ओढायची. "'हवाय' नावाचं गवत राजाच्या बागेतसुद्धा उगवत नाही, कार्टे!" मग "शक्य असेल तर", "त्रास होणार नसेल तर" असं सगळं म्हणून झालं की तुकडा मिळायचा. तोवर भावांनी मोठे तुकडे उचललेले असायचे.

आता ती चोपन्न वर्षांची आहे. तीस शेळ्या पाळते, त्यांच्या दुधाचं चीज करते. सवय मात्र तीच. आमच्या शनिवारच्या बाजारात ज्यांना कायमची जागा नाही, त्यांनी सकाळी सातला कारंज्यापाशी थांबायचं. नगरपालिकेचे बुर्देलसाहेब वही घेऊन येतात आणि उरलेल्या जागा वाटतात. तीन वर्षं जिस्लेनचं तेच पालुपद, "एखादा कोपरा उरलाच तर, मोसिए, आणि कुणाची अडचण होणार नसेल तर..." वाक्य संपेपर्यंत मोजेवाला रेजिस सावलीतली जागा घेऊन मोकळा! तिच्या वाट्याला चर्चमागची उन्हाची फरशी. दहा वाजता चीजला घाम फुटायचा.

या उन्हाळ्यात ती टेकीला आली. शेळ्या घ्यायला एक माणूस तयार होता, त्याला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. आणि नेमके बुधवारी मधवाले अरमाँ म्हणाले, "गुडघे संपले, आता येत नाही." त्यांची जागा कारंज्याशेजारी, मोठ्या झाडाखाली.

शेजारीण म्हणून मी शनिवारी तिच्याबरोबर गेले. सहापासून तिचे पाय ठरत नव्हते. गाडीला कुलूप लावलं, काढलं, परत लावलं. पेट्या मोजल्या, परत मोजल्या.

"अगं, बस जरा!"

"बसले तर रेजिस पुढं जाईल."

रेजिस पलीकडे कॉफी पीत हसला. "काय जिस्लेनबाई, आज काय विनवणार? झाडाची परवानगी घेतली का?"

कोपऱ्यावर बुर्देलसाहेब दिसले मात्र, ती धावलीच. त्यांच्यापुढं उभी राहून ओरडली, "अरमाँची जागा मला हवीय!"

साहेबांनी वही मिटली.

"नमस्कार, मादाम," ते शांतपणे म्हणाले आणि थांबले.

जिस्लेनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आमच्याकडे कुत्र्याला हाकलतानाही आधी नमस्कार घालतात. मला वाटलं, आता ही मागं फिरणार. रेजिस कप ठेवून दोन पावलं पुढं सरकलाही होता.

तिनं एप्रनला हात पुसले. "नमस्कार, मोसिए. मला अरमाँची जागा हवी होती. नाही मिळाली तर सोमवारी शेळ्या विकते."

पुढं 'शक्य असेल तर' नाही, 'त्रास होणार नसेल तर' नाही.

साहेबांनी वही उघडली. "तीन वर्षं तुम्ही मागत होता होय? मला वाटायचं, चौकशी करताय." त्यांनी नाव लिहिलं. "आज मांडा तिथं. कायमचं समिती ठरवेल सप्टेंबरात, पण माझी शिफारस तुमच्या नावाची."

"साहेब, मीही..." रेजिस म्हणाला.

"नमस्कार, रेजिस," साहेब म्हणाले.

दुपारी पेट्या रिकाम्या होत आल्या, तरी ही बाई उभ्या उभ्या चुळबुळत वर बघत होती.

"आता काय गं?"

"चीजवर पानं पडतायत. छत्री लावू का, असं बुर्देलसाहेबांना विचारावं म्हणते. म्हणजे, त्यांना त्रास होणार नसेल तर..."

मी सरळ गाडीतली छत्री आणायला गेले.