आधी बोट ठेव

आमच्या आत्याच्या टीव्हीला मोठा तडा गेलेला होता, आणि तो लाटण्याचा होता. बातम्यांच्या वेळी ती पोळपाट घेऊन समोर बसायची. पडद्यावर कुणी ‘आता युद्धच!’ म्हणून किंचाळलं की हातातलं लाटणं सुटायचं. “मुडद्या, तुझं पोरगं हाय का रे सीमेवर?” टीव्ही बदलूया म्हटलं तर म्हणायची, “नवा फोडायला जिवावर येईल. हाच बरा हाय.”

महापालिकेच्या शाळेत तिनं आयुष्यभर भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवलं. सोलापुरातल्या आमच्या निम्म्या पेठेनं तिचा मार खाल्लेला. ती दिसली की ‘परराष्ट्र खातं आलं!’ म्हणून कट्ट्यावरची पोरं सिगारेटी विझवायची.

तिच्या हॉलमध्ये पृथ्वीचा एक गोल होता आणि घराला एकच कायदा होता. कुठल्या देशाबद्दल बोलायचं तर आधी त्याच्यावर बोट ठेवायचं. कॉलेजात असताना शेंगाचटणी-भाकरी हाणता हाणता मी म्हणालो, “एक बॉम्ब टाकून विषय संपवला पाहिजे.” झालं! मान धरून तिनं मला गोलापाशी नेलं. “कुटं टाकतूस? ठेव बोट.” ठेवलं. “बोटाखाली तीन देश आले बे. तिघांनाबी मारलास?” वर कानफटात बसली ती वेगळीच. मग हळद लावताना म्हणाली, “आपण तेल कुणाकडून घेतो, तोफा कुणाकडून, भांडणाऱ्या दोघांशी एकदम दोस्ती कशी ठेवतो, हे तुला कळाय पाहिजे. मत देतूस न्हवं? मग परराष्ट्र धोरण तुझंबी हाय की.”

ज्याला देश दाखवता येतो त्याचा हात दगडाकडे जात नाही, यावर तिचा देवावर असावा तसा विश्वास होता. मी वाद घालायचो. ती सतीशचं उदाहरण द्यायची. सतीश म्हणजे गल्लीतलाच तिचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. गोल फिरवून थांबवला की डोळे मिटून देश सांगायचा.

वरची खोली तिनं नजीबला दिली होती. तो अफगाणिस्तानातून फार्मसी शिकायला आलेला, विशीतला, लाजाळू. तो तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, ती त्याला नजीब्या. सीमेवर तोफा सुरू झाल्या त्या आठवड्यात तो गच्चीवरून आईशी फोनवर त्याच्या भाषेत बोलत होता. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि ‘शत्रूचा हेर’ म्हणून पेठभर फिरवला. संध्याकाळी दारात जमाव उभा. काठ्या, दगड, सळया.

मी दार लावत होतो, तर आत्या गोल काखेत मारून बाहेर. नजीब जिन्यात उभा. “ज्याला या पोराचा देश दाखवता येतोय, त्यानं पहिला दगड मारा!” ती गरजली. एकानं भलत्याच ठिकाणी बोट ठेवलं, मागं कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, सुटलो रे बाबा.

तेवढ्यात सतीश पुढं आला. बोट ठेवलं. अगदी बरोबर. “हे घ्या बाई,” म्हणाला, आणि दुसऱ्या हातानं नजीबवर दगड भिरकावला. आत्या आडवी गेली. दगड तिच्या डोळ्यावर-कपाळावर बसला. गोल गटारात गेला आणि जमाव आत घुसला. नजीबला जिन्यावरून फरफटत खाली आणलं. त्याचे दात पायरीवर सांडले, हात मोडला. मी दाराचा अडसर उपसून दिसेल त्याला हाणत सुटलो. माझ्याही तोंडात माझंच रक्त होतं. पोलिसांची गाडी आली म्हणून तो पोरगा वाचला. हात गळ्यात बांधून गाव सोडून गेला.

आत्याचा डोळा गेला. दवाखान्यात ती एकदाच रडली, तीही डोळ्यासाठी नाही. “बोट बरोबर ठेवलं की रे त्यानं. माझंच शिकवणं अर्धं राहिलं. तितल्या एका माणसाचं नाव विचाराय पाहिजे होतं.” मी भडकलो. “कसलं शिकवणं! हलकट आहे तो!” पण पोलिसांना जबाब देताना तिनं सतीशचं नाव पहिलं घेतलं. त्याची आई पाय धरायला आली तर म्हणाली, “तक्रार मागं घेणार न्हाय. पण सुटला की पाठव माझ्याकडं. एक प्रश्न विचारायचा राहिलाय.”

तो प्रश्न राहूनच गेला. डोक्याला बसलेला मार आतल्या आत वाढला आणि आत्या गेली. स्मशानातून आलो तर टीव्ही चालूच होता, कुणीतरी किंचाळत होतं, आणि घरात लाटणं फेकणारं कुणी नव्हतं. मी हमसून हमसून रडलो.

पुढं बऱ्याच महिन्यांनी सतीश जामिनावर सुटला आणि आत्याच्या दारात येऊन उभा राहिला. “बाईंनी बोलावलं होतं,” म्हणाला. मी त्याची कॉलर धरली आणि तोंड फुटेपर्यंत मारला. त्यानं हात वर केला नाही.

“नाव सांग!” मी ओरडलो. “ज्याला मारायला आला होतास त्या पोराचं नाव सांग!”

त्यानं तोंड उघडलं. त्याला येत नव्हतं.

माझी मूठ तशीच वर राहिली. “नजीब,” मी म्हणालो. “म्हण.”

“नजीब.”

“परत म्हण बे.”