मार पुढं, दार मागं

वारंगा फाट्यावर गाड्यांचे डेंट काढणाऱ्या त्या मिस्त्रींचं नाव मी विचारलंच नाही. माझी गाडी उसाच्या ट्रॉलीवर आदळून बॉनेट चुरगळलं होतं. हातोडी मारण्याआधी ते पत्र्यावरून तळहात फिरवत, तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा.

मी भूगोलाचा शिक्षक, गप्प कसा बसणार? सुरकुतलेला पत्रा दाखवत म्हणालो, "मिस्त्री, हिमालय असाच झाला. आपली जमीन उत्तरेकडं रेटत गेली, समोरची हटेना, मग कड दुमडून वर आली."

"आन् काल आमच्याकडं जमीन हालली, ती?"

"ते वेगळं. आपण त्या कडेपासून फार लांब आहोत."

मिस्त्री हसले. त्यांनी मला गाडीचं मागचं दार लावायला सांगितलं. दोनदा आपटलं तरी ते बसेना.

"मार तर पुढं लागला, गुरुजी. मग हे काहून अडून राहिलं?"

कडेचा दाब आत आमच्या हिंगोली जिल्ह्यापर्यंत पोचतो, हे मी वीस वर्षं पुस्तकातून शिकवायला हवं होतं. ते मला हातोडीवाल्यानं शिकवलं.

ओशाळून विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की! म्हणून तर स्लॅब न्हाई टाकला. बायको रोज टोमणे मारते, पण आमी पत्र्याच्याच घरात राहतो. पडलं तर ठोकून सरळ करीन."

मी मोठ्यानं हसलो आणि काम उरकल्यावर गाडी वसमतला, माझ्या दुमजली घराकडं वळवली. हसू अर्ध्या वाटेतच विरलं.