अंबाडीची विंग

सानिका गेल्याचं हौसाबाईंनीच फोनवर सांगितलं. नेरे गावातली त्यांची शेड तिनं भाड्यानं घेतली होती. "ताई, सानिकाताई गेल्या… दवाखान्यातच," एवढंच त्या बोलल्या.

आम्ही इंजिनिअरिंगच्या मैत्रिणी. मी हिंजवडीत नोकरीला चिकटले, ती रेसच्या गाड्यांमागे लागली. गाडीच्या पाठीमागची आडवी विंग वाऱ्याच्या जोरावर गाडीला रस्त्याशी दाबून धरते. ती विंग सानिका कार्बन फायबरची बनवायची. एकदा हौसाबाईंची शेळी दाव्याला हिसके देत होती, तर ही तिच्याशेजारी बसकण मारून विचारतेय, "मावशी, हे दावं कशाचं?"

"अंबाडीचं. लई जुनं हाय, पर तुटत न्हाई."

झालं! अंबाडीच्या सुताचं कापड विणून घ्यायचं, साच्यात रेझिनचा घट्ट होणारा चिकट रस लावून थरावर थर बसवायचे आणि विंग काढायची, हे वेड तिथून लागलं. पहिली विंग शर्यतीच्या आदल्या दिवशी फुगली. सूत पुरतं वाळलंच नव्हतं. गाडी चालवणार होता तिचा धाकटा भाऊ, रोहन. "एवढ्यानं काही होत नाही, लाव," तो म्हणाला. तिनं विंग उतरवली. शर्यत हुकली, रोहननं अबोला धरला आणि ही ती विंग कापून एकेक थर सोलून बघत बसली.

पुढच्या हंगामात सूत कडकडीत वाळवूनच तिनं नवी विंग केली. सरावात रोहनची गाडी टायरच्या भिंतीवर आदळली. तो चालत बाहेर आला. त्याला घट्ट मिठी मारून सानिका गाडीच्या मागच्या भागाकडे धावली. कार्बनची विंग फुटली की धारदार कपच्या उडतात. ही अंबाडीची चिरली होती, पण धाग्यांनी तिला धरून ठेवलं होतं. "बघ ना, कशी फाटलीय!" ती रडत होती, हसतही होती…

दवाखान्यात शेवटची भेटले, तेव्हा ती सलाइनची पट्टी नखानं उचकटत होती. "याचं कापड कसलं असेल गं?"

परवा रोहनबरोबर शेडवर गेले. साच्यात एक तुकडा राहिला होता, पिवळसर, चमकदार. हौसाबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. "अंबाडी न्हाई ही."

"मग कशाचं कापड आहे?" मी विचारलं.

"काय की. मला न्हाई बोलल्या."

रोहननं तुकडा वाकवून सोडला. तो सरळ झाला. त्यानं पुन्हा वाकवला… निघायचं होतं, तरी आम्ही तिघं दारातल्या उजेडात तो धागा निरखत उभेच राहिलो.