डोमाजीच्या दोन विटा

डोमाजी गेल्याचं मला दुर्गच्या भाजीबाजारात कळलं. आमच्या सायकल गटातला जुना सोबती विठोबा समोरून आला आणि म्हणाला, "वामनबाबू, तो डोमाजी गेला ना... नंदिनीच्या रस्त्यावर ज्याच्या विटा पडल्या होत्या, तोच." आमच्यात डोमाजी नावाचा दुसरा माणूस नव्हता. तरी ओळख पटवायला विठोबाला तेच आठवलं. ती खूण डोमाजीला माझ्यामुळे चिकटली होती. त्याला जाऊन आता महिना होत आला, म्हणून हे लिहितो आहे.

ही गोष्ट जुनी, तेव्हा दुर्गकडचा हा मुलूख अजून मध्य प्रदेशात होता. डोमाजी भंडाऱ्याकडचा, इथल्या पोलाद कारखान्यात फिटर. मी तिथेच कारकून. आम्हा बारा जणांना सायकलने बस्तरला जायचं होतं... सात दिवस, मुक्काम तंबूत, सामानासाठी सोबत एक मॅटाडोर. असा प्रवास आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. रजेचे अर्ज, परवानगीची पत्रं, मॅटाडोर हे माझ्याकडे; बाकी सगळं डोमाजीकडे. ते बाकी सगळं आठवलं की मी आजही थक्क होतो. चाक फिरवत, तारांवर नखाने टिचकी मारत, नुसत्या आवाजावरून तो ढिली तार ओळखायचा. तंबू कुठे लावायचे यावर आमचा वाद चालला असताना एकदा शांतपणे म्हणाला, "तिथं नको. तिथली बोरिंग कोरडी आहे. पुढच्या गावात शाळेच्या गुरुजीले बोलून ठेवलं मी." दिवाळीच्या रजेत तो एकटाच सायकलने बस्तरच्या वाटेवरचा केशकाल घाट चढून आला होता, कोणाला न सांगता. आम्ही बघतच राहिलो, तर म्हणाला, "उगाच अंदाजानं बारा मानसं नेता येते काय?"

सराव ओझ्यासह करायचा, हेही त्याचंच. भट्टीतल्या टाकाऊ विटा, प्रत्येकाच्या कॅरिअरवर दोन, जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेल्या, वर खडूने ज्याचं त्याचं नाव. विठोबा कुरकुरला, "सामान मॅटाडोरमंदी, मंग आमी काय गाढवं?"

"मॅटाडोर बंद पडली तं गाढवंच कामी येतीन," डोमाजी म्हणाला.

नियम मात्र मी केला आणि मोठ्या ऐटीत फळ्यावर लिहिला: नंदिनी नगरला जाऊन दोन्ही विटांसह जो परत येणार नाही, त्याने प्रवासात मॅटाडोरमध्ये बसायचं.

चाचणीच्या रविवारी परतताना मी सर्वांच्या मागे पडलो. समोरून वारा, पायडल रेटवत नव्हतं. नाल्यावरच्या एका छोट्या पुलियापाशी मागेपुढे कोणी नाही असं पाहून मी दोन्ही विटा नाल्यात टाकल्या. पुढच्या वळणावर डोमाजी माझ्यासाठी थांबलेला. त्याने माझं रिकामं कॅरिअर पाहिलं. मग स्वतःच्या विटा सोडल्या, त्यांच्यावरचं नाव अंगठ्याने पुसलं आणि त्या माझ्या कॅरिअरवर बांधायला लागला... एखादा सैल नट कसावा तसा.

"डोमाभाऊ, हे कावून करून राहिले?"

"तुमी मॅटाडोरमंदी बसले तं समदे म्हनतीन, बाबूच नापास, आता कायले जाचं? मले तं रस्ता पाहून झाला. चला, वारा वाढून राहिला."

सकाळी जिथून निघालो होतो त्या रुआबांधाच्या मैदानात विठोबा विटा मोजत होता. डोमाजीचं कॅरिअर पाहून तो हसत सुटला. "वा उस्ताद, मास्तरच फेल."

"पडल्या रस्त्यात," डोमाजी म्हणाला. "गाठ ढिली राह्यली."

त्याच्या हातची गाठ ढिली राहील, यावर कोणी शंकासुद्धा घेतली नाही. मी मान खाली घालून त्याच्या विटा सोडत राहिलो.

घाटात मी सायकलवर होतो आणि तो मॅटाडोरमध्ये मागे भाताची पातेली धरून बसला होता. प्रत्येक वळणाआधी ओरडून सांगायचा, "आता दम राखा... आता रेटा, आता उतरू नका." बाराही जण पोचलो. परतल्यावर हार माझ्या गळ्यात पडला. पुढे गट मोडला, थट्टा तेवढी राहिली. डोमाजीच्या मुलाच्या लग्नात विठोबाने भर पंगतीत विटांची गोष्ट सांगितली. नवरदेव ओशाळला, डोमाजी हसला, आणि मी जेवत राहिलो. विठोबाला आता खरं काय ते इथे वाचायला मिळेल.

पण आधी डोमाजीच्या घरी सांगायला हवं होतं. गेल्या आठवड्यात गेलो. वहिनी एकट्याच होत्या. तांदूळ निवडत त्यांनी सगळं ऐकलं. विटा बदलल्याचं आलं तेव्हा हात थांबला.

"भाऊजी, पोराच्या लग्नात तुमी बोलले असते तं..." एवढंच म्हणाल्या. मी उठलो.

"बसा," त्या म्हणाल्या. "पोरगा ड्यूटीवरून येईनच आता. त्याच्यासमोर अजून एकदा सांगा."

दाराशी डोमाजीची लोखंडी खुर्ची होती, त्याने स्वतः वेल्ड केलेली. तिच्यावर त्याचा खांद्यावरचा दुपट्टा घडी करून ठेवलेला होता. वहिनींनी तो उचलून छातीशी धरला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसलो. फरशी ओबडधोबड होती, पण खुर्ची कुठल्याच पायावर डुगडुगली नाही... बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला.