रुक्माबाईची चाल

पुंजाजीच्या हातात हलगी असली की गावाला वेगळं काही सांगावं लागत नसे. नुसत्या ठोक्यावरून कळायचं, लग्न आहे, पोळ्याचे बैल निघालेत, की कुणी गेलं. मयतीची चाल तर त्यानंच वाजवावी. दोन ठोके, मग थांबा. त्या थांब्यात खांदेकऱ्यांचं पाऊल पडायचं. ही चाल उंबऱ्याच्या आत वाजवायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही, असा रिवाज. पुढं डीजे आले, पोरांना हलगीचं कातडं ताणायला ती विस्तवावर शेकत बसायचा कंटाळा आला आणि ती खुंटीला लागली. "माझ्यामागं ही चाल संपली," असं म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. ऐकवायचा कसला, डोकंच खायचा.

त्याची बायको रुक्माबाई म्हातारपणी कानानं ठार बहिरी झालेली. दिवाळीपासून बाजेवरच, बोलणंही बंद. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. याचा अर्थ न कळायला पुंजाजी काही दूधखुळा नव्हता. त्याला एकच घोर होता, ती जाताना आपण जवळ असलो पाहिजे. म्हणून तो बाजेपासून हलायचा नाही. पण त्या दिवशी तिनं बोटानं हवेत गोल गोल वेढे काढले. जिलेबी! नांदेडला शिकणारी नात साक्षी सुट्टीला आलेली होती. तिला जवळ बसवून म्हातारा आखाडा बाळापूरच्या बाजाराला गेला.

परतताना फाट्यावर ऑटोतून उतरला आणि जागीच थिजला. मयतीची चाल ऐकू येत होती. त्याच्याच घराकडून.

हलगीवाल्याच्या घरी मौत झाली की वाजवायला दुसऱ्या गावचे येतात. म्हणजे गेली. निरोप गेला, वाजवणारे आलेसुद्धा, आणि आपण इकडं जिलेबी घेत उभे! "अगं, थोडा दम धरायचा होतास की गं," असं मोठ्यानं बोलत तो पळत सुटला. हातातली पुडी कुठं पडली तेही कळलं नाही. तशातही मेले कान गप्प बसेनात. कोण हाय हा? ठोका जाड हाय, पण थांबा बराबर घेऊन राहिला!

दारात बायका जमलेल्या, तोंडाला पदर लावून. पुंजाजीनं टाहोच फोडला आणि त्यांना ढकलून आत घुसला.

रुक्माबाई बाजेवर टेकून बसली होती. जिवंत! मांडीवर साक्षीनं नांदेडहून आणलेला मोठा काळा स्पीकर, त्यावर दोन्ही तळवे. सगळी बाज थरथरत होती. पदराआड बायका हसू दाबत होत्या.

भीती उतरली तसा संताप चढला. "बंद कर ते! घरात मौतीची चाल? काहून वाजवून राहिली गं, भवाने?"

साक्षी पांढरीफटक पडली. "आजोबा, गाणं हाय हे. हेवी मेटल म्हणतात. विलायती पोरांचा अल्बम, पन्नास वर्सं जुना. आजीला ऐकू येत न्हाई, पण हा आवाज बाजेतून अंगात जातो. बघा तरी तिच्याकडं."

"पन्नास वर्सं? अन् अजून वाजतो?"

"जगभरची पोरं अजून हाच ऐकून शिकतात."

पुंजाजी मटकन खाली बसला. लांबून ऐकू न आलेली गिटार इथं पिठाच्या गिरणीसारखी घरघरत होती आणि तिच्याखाली तोच ठोका, तोच थांबा. कुठलं कोण पोरगं, साता समुद्रापलीकडचं. त्याला ही चाल दिली कुणी?

"कोण मेलं व्हतं रे तुझं?" त्यानं स्पीकरलाच विचारलं.

तेवढ्यात रुक्माबाईनं खुंटीवरच्या हलगीकडं बोट केलं. पुंजाजीनं कानाच्या पाळ्या धरल्या, जोरजोरात मान हलवली. घरात न्हाई, कधीच न्हाई. आणि इतक्या महिन्यांनी तिचा गंजलेला आवाज फुटला.

"मेल्यावर आपली चाल ऐकाया भेटत न्हाई. मला आत्ताच ऐकवा."

दारातलं हसू विझलं. साक्षीनं स्पीकर बंद केला. पुंजाजीनं हलगी काढली, चुलीवर शेकली. हलगीची कड त्यानं तिच्या बाजेला टेकवली आणि जन्मात पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत दोन ठोके दिले. मग थांबला. त्या थांब्यात त्याला पुडीची आठवण झाली. बोटानं वेढे काढून दाखवत तो फाट्याकडं जायला उठू लागला.

तिनं त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या ती जिलेबी. आता कुठं जाऊ नका."

पुंजाजी खाली बसला आणि त्यानं पुढचे दोन ठोके दिले.