दोन होकारांआधीचे नकार
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की शनिवार पेठेतली आमची खोली आठवते. माझ्यासोबत राहणारी यवतमाळची मुलगी आयटीत नोकरी शोधत होती. "एका कंपनीचा भरवसा नाही, नोकरीची दोन पत्रं आण," असं वडिलांनी तिला बजावलं होतं. "ताई, दोन होकार मिळेपर्यंत नकार किती येतील?" तिनं विचारलं. मी संख्याशास्त्र शिकत होते, ऋण द्विपद वितरणाचं सूत्र मांडून ऐटीत म्हणाले, "सरासरी आठ." आठ नकार आणि दोन होकार धरून तिनं बायोडेटाच्या मोजून दहा प्रती काढल्या. दहाही ठिकाणी नकार आला. "गणित थोडीच चुकते, मीच कमी पडली," म्हणत तिनं बॅग भरली. पाचातल्या एका मुलाखतीत ती निवडली जाईल, हे त्या सूत्रात मी नुसतं मनानंच धरलं होतं. तेव्हा ते सांगायची लाज वाटली, आणि आज सांगायला तिचा पत्ताही माझ्याकडे नाही.