चावी कुशाबाकडे

कुशाबाला शेत थोडं होतं, गुरं त्याहून थोडी. पण त्याची स्वतःची म्हणावी अशी एक जागा होती. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या त्या वाडीत गौरीगणपतीला जाखडी होई. पायात चाळ बांधलेल्या नाच्यांचं रिंगण फिरे आणि मधोमध ढोलकी घेऊन कुशाबा बसे. आधी त्याचा बाप बसायचा. वर्षभर कुशाबा नाचणी पेरी, बायकोची, ठकूबाईची, बोलणी खाई, आणि मनातून तिथंच बसलेला असे.

त्या साली साहेबाच्या घरी नोकरीला असलेला वाडीतला मुरारी मुंबईहून आला तो डोक्यावर फोनोचा, म्हणजे ग्रामोफोनचा, कर्णा पालथा घालून. दासगावला बोटीतून उतरल्यापासून पाऊस लागला होता. त्याचा साहेब विलायतेला परतताना फोनो आणि एकुलती एक तबकडी त्याला देऊन गेला होता.

"जाझ हाय जाझ!" मुरारी म्हणाला. "अमेरिकेची बाई गाते. आमची मडम हिच्यावर नाचायची. औंदा जाखडी हिच्यावर."

"नि ढोलकी?" कुशाबानं विचारलं.

"तू आराम कर रे, दादा."

 पण गाणाऱ्या बाईला साथ तर लागेलच, असं म्हणून कुशाबा ढोलकी घेऊन मुरारीच्या पडवीत जाऊन बसला. सारी वाडी जमली. मुरारीनं चावी भरली आणि बाई सुरू झाली. काय तिचा वेग! कुशाबानं ढोलकीच्या कड्या ठोकून सूर चढवला. तो जुळतोय तोवर फोनोच्या आतली कमान सैल पडली आणि बाई खाली आली. त्यानं सूर उतरवला, तर ती आणखी खाली. तेवढ्यात मुरारीनं पुन्हा चावी दिली आणि बाई टुणकन वर!

"ही बाई नाय," कुशाबा घाम पुसत म्हणाला, "ओढ्यातली मासळी हाय."

गाण्यातला शब्द कुणालाच कळत नव्हता, पण अर्थ सगळ्यांना लागत होता. बाई वेगात होती तेव्हा शेजारचा भागोजी म्हणाला, "भांडतेय. बाजारात कुणीतरी फसवलंय हिला."

बाई जरा मंदावली तशी ठकूबाईनं मान हलवली. "नाय गो बायांनो. हिचा घरवाला मुंबयला हाय."

बाया कर्ण्याच्या जवळ सरकल्या. वाडीतल्या अर्ध्या घरांतले घरवाले मुंबईलाच होते.

कमान पार उतरली आणि आवाज घोगरा, पुरुषी झाला. नाच्यांतला चांगू ओरडला, "आला! घरवाला आला! आता तोच बोलतोय!"

गौरी जेवल्या त्या दुपारी अंगणाच्या मधोमध पाटावर फोनो बसला आणि कुशाबा भिंतीला टेकून. मांडीवरची ढोलकी त्यानं पंच्यानं झाकून घेतली. मुरारीनं चावी भरली आणि कोट घालून स्वतःही रिंगणात शिरला. जाखडी संथ सुरू होते आणि चढत जाते. ही मात्र सुरुवातीलाच उधळली आणि मग उतरू लागली. पायांत अडकलेली धोतरं सोडवता सोडवता नाचे थकले, आणि आता गाणंच थकलं. चांगूचा पाय वर गेला, तो खाली कधी आणायचा हेच त्याला कळेना.

"अरे, जाखडी हाय का भाताची चिखलणी?" भागोजी गरजला.

कुशाबाला राहवेना. ढोलकी घेऊन तो उठला, रिंगण फोडून आत शिरला आणि पाटाशी बसला. डाव्या हातानं त्यानं ठेका धरला, अगदी घोगऱ्या घरवाल्याच्या चालीचा. सगळे पाय त्या ठेक्यावर आले. मग उजव्या हातानं तो चावी फिरवू लागला, हळूहळू, बाप ठेका चढवायचा तशी. घरवाल्याची बाई झाली, बाई भांडायला उठली, चाळ झणाणले, मुरारीचा कोट उडून तुळशीवर पडला.

तबकडी केव्हाच संपली आणि सुई नुसतीच खरखरत राहिली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. ढोलकी चालू होती.

"पुढल्या साली दुसरी तबकडी आणतो," मुरारी धापा टाकत म्हणाला.

"आण की," कुशाबा म्हणाला आणि त्यानं चावीचा दांडा काढून कमरेला खोचला. "ही चावी मात्र हितं राहील."

दुसऱ्या दिवशी भांडी घासून झाल्यावर ठकूबाई फोनोपाशी बसलेल्या कुशाबाजवळ येऊन टेकली.

"जरा लाव ना," ती म्हणाली. "भांडायला लावू नको. नि तो घरवालाही नको इतक्यात."

कुशाबानं चावी बेतानं फिरवली आणि जिथं बाई नुसतीच वाट बघते, तिथं हात थांबवला.